तिजोरी एकाची, सोने कोणाचे?

लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर बँक ऑफ इंग्लंडची इमारत आहे. तिच्या तळघरात सोन्याच्या सुमारे चार लाख विटा रचलेल्या आहेत. एकेक वीट साधारण साडेबारा किलोची. लंडनखालची जमीन चिकणमातीची असल्यामुळे या थप्प्या ठरावीक उंचीच्या वर नेत नाहीत, नाहीतर वजनाने तळघराची जमीन खचेल. न्यूयॉर्क सोडले तर एका जागी इतके सोने जगात दुसरीकडे क्वचितच असेल. मात्र या चार लाख विटांपैकी बँक ऑफ इंग्लंडच्या स्वतःच्या म्हणता येतील अशा विटा फक्त दोन आहेत. बाकी सगळे सोने ठेवीदारांचे आहे, म्हणजे इतर देशांच्या केंद्रीय बँकांचे, लंडनच्या सोनेबाजारात व्यवहार करणाऱ्या काही व्यापारी बँकांचे आणि ब्रिटनच्या अर्थखात्याचे.

ब्रिटनचे म्हणून जे सुमारे ३१० टन सोने मोजले जाते, तेही बँकेचे नाही. १९३२ मध्ये पौंडाचा भाव सांभाळण्यासाठी ब्रिटिश सरकारने एक विनिमय निधी काढला. महायुद्ध सुरू होताना १९३९ मध्ये बँकेच्या चलन विभागातले सोने या निधीकडे वळवण्यात आले, आणि तेव्हापासून ते अर्थखात्याच्या मालकीचे आहे. १९९९ ते २००२ या काळात ब्रिटनने आपल्या साठ्यातले निम्म्याहून अधिक, जवळजवळ ३९५ टन सोने लिलावात विकले. लिलाव बँकेने चालवले, पण विकण्याचा निर्णय अर्थखात्याचा होता.

‘देशाचे सोने’ हे शब्द ऐकायला सोपे आहेत. त्यांच्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. सोने कोणाच्या ताब्यात आहे? कायद्याने मालकी कोणाची आहे? आणि ते हलवण्याच्या हुकमावर कोणाची सही चालते? सातबारा पाहणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. उताऱ्यावर भोगवटादाराचे नाव एक, प्रत्यक्ष जमीन कसणारा दुसरा आणि ‘इतर हक्कां’च्या रकान्यात सोसायटीचा बोजा, हे चित्र महाराष्ट्रातल्या गावोगावी दिसते. केंद्रीय बँकांच्या सोन्याचेही असेच आहे. पुढे येणारे जवळजवळ सगळे वाद या तीन गोष्टी एकाच हातात नसल्यामुळे झालेले आहेत.

लॉकर आणि खाते

दुसऱ्याच्या तिजोरीत सोने ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि मालकीच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पहिल्या पद्धतीत ठेवीदाराच्या नावावर ठरावीक विटा नेमून दिलेल्या असतात. प्रत्येक विटेवर क्रमांक, गाळणाऱ्या कारखान्याची मुद्रा, शुद्धता आणि वर्ष कोरलेले असते. लंडनच्या बाजारात चालणारी वीट हजारात किमान ९९५ शुद्ध असावी लागते आणि तिचे वजन सुमारे ४०० औंस असते. अशा विटांची यादी ठेवीदाराला मिळते. हे बँकेच्या लॉकरसारखे आहे. बँक बुडाली तरी लॉकरमधला डबा बँकेच्या धनकोंना वाटून टाकता येत नाही, कारण तो मुळात बँकेचा नसतोच.

दुसऱ्या पद्धतीत ठेवीदाराच्या खात्यावर फक्त वजन जमा असते. विशिष्ट वीट त्याची नसते. अमुक इतके सोने त्याला देणे लागते, एवढीच नोंद असते. हे बचत खात्यासारखे झाले. खात्यात लाख रुपये आहेत याचा अर्थ बँकेत त्याच्या नावाचा नोटांचा गठ्ठा वेगळा काढून ठेवला आहे असा नव्हे. ती बँक बुडाली, तर तो इतर धनकोंच्या रांगेत उभा राहतो.

केंद्रीय बँका कधीकधी आपले सोने व्याजाने बाजारातल्या बँकांना देतात. मग ते सोने तळघरातून निघते, विकले जाते, त्याचे दागिने होतात, आणि केंद्रीय बँकेकडे उरते परतफेडीचे वचन. तरीही अनेक देशांच्या हिशेबात तिजोरीतले सोने आणि उसने दिलेले सोने वर्षानुवर्षे एकाच ओळीत दाखवले जात होते. वाचणाऱ्याला ते सारे तिजोरीतच आहे असे वाटावे, अशी ही मांडणी. पोर्तुगालला याची किंमत मोजावी लागली. त्याच्या केंद्रीय बँकेने १७ टन सोने ड्रेक्सेल बर्नहॅम लॅम्बर्ट या अमेरिकी वित्तसंस्थेकडे व्याजाने ठेवले होते. १९९० मध्ये ती संस्था दिवाळखोरीत गेली आणि सोन्याच्या जागी पोर्तुगालच्या हाती एक कोर्टकज्जा आला.

न्यूयॉर्कचे तळघर आणि १९३४ चा कायदा

न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे सोनेघर रस्त्याच्या पातळीपासून ८० फूट खाली, मॅनहॅटनच्या खडकावर उभारलेले आहे. २०२४ मध्ये तिथे सुमारे ५ लाख ७ हजार विटा, म्हणजे ६,३३१ टन सोने होते. आत १२२ कप्पे आहेत. मोठ्या ठेवीदाराला स्वतंत्र कप्पा मिळतो. एका देशाने दुसऱ्याला सोने दिले, तर अनेकदा विटा एका कप्प्यातून उचलून शेजारच्या कप्प्यात ठेवल्या की व्यवहार पुरा होतो. सोने न्यूयॉर्क सोडत नाही, मालक मात्र बदलतो. या ढिगात न्यूयॉर्क फेडची स्वतःची एकही वीट नाही.

इतकेच नव्हे, अमेरिकेच्या संपूर्ण फेडरल रिझर्व्ह व्यवस्थेकडे मिळूनही सोने नाही. याचे मूळ महामंदीत आहे. ५ एप्रिल १९३३ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम काढला की १ मेपर्यंत नागरिकांनी जवळची सोन्याची नाणी, विटा आणि सुवर्णप्रमाणपत्रे बँकांत जमा करावीत. माणशी १०० डॉलरपर्यंतची नाणी, दुर्मीळ नाणी आणि दागिने यांना सूट होती. मोबदला मिळाला औंसाला २०.६७ डॉलर. हे सोने बँकांतून फेडरल रिझर्व्हकडे गेले. मग ३० जानेवारी १९३४ च्या सुवर्णसाठा कायद्याने फेडरल रिझर्व्हच्या सगळ्या सोन्याची मालकी अर्थखात्याकडे गेली आणि दुसऱ्याच दिवशी सोन्याचा सरकारी भाव ३५ डॉलर झाला. भाववाढीचा सुमारे २८० कोटी डॉलरचा नफा सरकारच्या पदरात पडला. ज्यांनी वर्षभरापूर्वी सोने जमा केले, त्यांना त्यातले काही मिळाले नाही. ज्या कर्जरोख्यांवर ‘परतफेड सोन्यात’ असे छापलेले होते, त्यांचे धनको सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ फेब्रुवारी १९३५ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी सरकार वाचले. अमेरिकी नागरिकाला पुन्हा मोकळेपणाने सोन्याची वीट बाळगण्याची मुभा मिळाली ती १९७४ च्या अखेरीस.

सोन्याच्या बदल्यात फेडरल रिझर्व्हला अर्थखात्याकडून प्रमाणपत्रे मिळाली. ती आजही त्याच्या ताळेबंदात आहेत, आणि १९७३ मध्ये कायद्याने ठरलेल्या ४२.२२ डॉलर प्रति औंस या भावाने मोजली जातात. त्यामुळे अमेरिकेचे २६ कोटी १५ लाख औंस सोने, म्हणजे ८,१३३ टन, कागदावर अवघे ११०० कोटी डॉलरचे दिसते. त्याचा बाजारभाव कित्येक पट आहे. ही प्रमाणपत्रे दाखवून फेडला सोने मागता येत नाही. केंटकीतल्या फोर्ट नॉक्समध्ये यापैकी निम्म्याहून अधिक सोने आहे. ती तिजोरीही अर्थखात्याची, सोनेही त्याचेच. ताबा आणि मालकी एका हाती असल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. पण १९३३-३४ ची हकीकत सोन्याबद्दलचा एक भाबडा समज खोडून काढते. नागरिकाच्या हातातले सोने बँकेकडे आणि बँकेचे सरकारकडे न्यायला जेमतेम दहा महिने पुरले, आणि त्यासाठी एक हुकूम व एक कायदा एवढेच लागले.

युरोपातले मालक

जर्मनीत सोने केंद्रीय बँकेचे, म्हणजे बुंडेसबँकेचे आहे. शीतयुद्धाच्या काळात रशियन रणगाड्यांपासून दूर असावे म्हणून त्यातले बरेचसे न्यूयॉर्क, लंडन आणि पॅरिसला ठेवलेले होते. २०१२ मध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने परदेशातल्या विटांची प्रत्यक्ष पाहणी होत नसल्याबद्दल आक्षेप नोंदवला. लोकांतही कुजबुज वाढली. अखेर २०१३ ते २०१७ या काळात बुंडेसबँकेने न्यूयॉर्कहून ३०० आणि पॅरिसहून ३७४ टन सोने फ्रँकफर्टला आणले आणि आता ती आपल्या विटांची यादी प्रसिद्ध करते. संशयाला उत्तर देण्याचा हा सरळ मार्ग आहे. तो फारच थोड्या देशांनी धरला आहे.

इटलीचा प्रश्न जास्त चिवट. तिच्या २,४५२ टन सोन्याचा ताबा आणि नोंद बँका दि इतालिया या केंद्रीय बँकेकडे आहे. या बँकेचे भागधारक मात्र देशातल्या बँका, विमा कंपन्या आणि निवृत्तिनिधी आहेत. मग सोने त्या भागधारकांचे का? कायदा तसे म्हणत नाही. त्यांना मर्यादित लाभांश मिळतो, साठ्यावर हक्क नाही. तरी हे सोने राज्याचे आहे असे कायद्यात स्पष्ट लिहावे, अशी मागणी संसदेत पुढे आली. २०१९ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने त्यावर आक्षेप घेतला. युरोपीय करारानुसार परकीय चलनाच्या गंगाजळीचा सांभाळ केंद्रीय बँकांच्या व्यवस्थेकडे आहे, त्या बँकांनी सरकारकडून आदेश घ्यायचे नाहीत, आणि सरकारला परस्पर पैसा पुरवायचा नाही. उद्या सरकारने ‘सोने आमचे’ म्हणून ते अर्थसंकल्पात ओढले, तर हे तिन्ही नियम मोडतात. लोकांची मालकी मान्य करण्याला तशी कोणाची हरकत नव्हती. भीती होती ती लोकांच्या नावाने सही करणाऱ्या मंत्र्याची.

स्वित्झर्लंडने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. तिथल्या राष्ट्रीय बँकेने १३०० टन सोने जादा ठरवून २००० ते २००५ या काळात विकले. त्यातून आलेल्या सुमारे २१०० कोटी फ्रँकपैकी एक तृतीयांश केंद्राला आणि दोन तृतीयांश कँटन म्हणजे प्रांतांना मिळाले. बँकेच्या नफ्याच्या वाटणीसाठी घटनेतच हे प्रमाण ठरलेले आहे. पुढे ३० नोव्हेंबर २०१४ रोजी, बँकेने सोने कधीच विकू नये आणि सारे देशातच ठेवावे, असा प्रस्ताव जनमताला टाकला गेला. सुमारे ७७ टक्के मतदारांनी तो फेटाळला. सोन्याचे काय करावे हे लोकांना थेट विचारले गेले, आणि लोकांनी बँकेचे हात मोकळे ठेवणे पसंत केले.

सही कोणाची?

१५ मार्च १९३९ रोजी हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. तीन दिवसांत झेकोस्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय बँकेकडून, जर्मन दडपणाखाली, दोन आदेश निघाले. दोन्ही लंडनच्या त्याच तळघरातल्या सोन्याबद्दल होते. पहिला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या आंतरराष्ट्रीय तडजोड बँकेकडे गेला. तिच्या नावावर बँक ऑफ इंग्लंडमध्ये जी क्रमांकांची खाती होती, त्यातल्या २ क्रमांकाच्या खात्यात झेक बँकेचे २३.१ टन सोने होते. ते १७ क्रमांकाच्या, म्हणजे जर्मन राइशबँकेच्या खात्यात वळवायला सांगितले गेले. बाझेलने लंडनला कळवले आणि लंडनने नोंद बदलली. आमचा ग्राहक बाझेलची बँक आहे, तिच्या खात्यामागे कोण आहे हे विचारणे आमचे काम नाही, अशी बँक ऑफ इंग्लंडची भूमिका होती. गव्हर्नर माँटेग्यू नॉर्मन हे त्या बाझेलच्या बँकेच्याही संचालक मंडळावर होते. ही बातमी पत्रकार पॉल आइन्झिग यांनी बाहेर काढली आणि ब्रिटिश संसदेत गहजब झाला. तोवर सोने गेले होते.

दुसरा आदेश झेक बँकेच्या लंडनमधल्या स्वतःच्या खात्यातल्या सुमारे २७ टनांचा होता. तो अडला, कारण ब्रिटिश सरकारने झेक मालमत्ता गोठवली आणि त्या खात्यावर मालकाचे नाव उघड होते. तिजोरी एक, मालक एक, आदेश देणारी बँकही एक. तिऱ्हाइताच्या नावाने ठेवलेले सोने गेले, स्वतःच्या नावाचे राहिले. परदेशात सोने ठेवताना खाते कोणाच्या नावाने उघडावे, या प्रश्नाचे यापेक्षा सणसणीत उत्तर सापडणे कठीण.

बेल्जियमची कथा विश्वासाची आहे. जर्मन आक्रमणाच्या भीतीने बेल्जियमच्या राष्ट्रीय बँकेने १९८ टन सोने फ्रान्सच्या केंद्रीय बँकेकडे सोपवले. १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना ते जहाजाने आफ्रिकेतल्या डाकारला पोचले. मग जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारने ते जर्मनीला द्यायचे कबूल केले. सेनेगलच्या किनाऱ्यावरून आगगाडी, होडी आणि मालमोटारीतून व उंटांच्या पाठीवरून सहारा ओलांडत त्या पेट्या अल्जीरियात आल्या, तिथून मार्सेयला आणि मग बर्लिनला. सगळे सोने पोचायला १९४२ उजाडले. जर्मनांनी ते वितळवून त्यावर युद्धापूर्वीच्या तारखा ठोकल्या आणि बरेचसे स्वित्झर्लंडला विकले. दरम्यान बेल्जियमने न्यूयॉर्कच्या न्यायालयात फ्रेंच बँकेच्या तिथल्या सोन्यावर दावा लावला होता. देश मुक्त होताच, १९४४ च्या ऑक्टोबरात, फ्रान्सने तेवढेच सोने स्वतःच्या साठ्यातून बेल्जियमला भरून देण्याचे मान्य केले. ठेव गेली तरी ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी जात नाही, हे तत्त्व तिथे टिकले.

आपल्या काळातला सर्वांत बोलका वाद व्हेनेझुएलाचा. २०११ मध्ये अध्यक्ष ऊगो चावेझ यांनी परदेशातले सोने मायदेशी आणण्याचे ठरवले आणि पुढच्या जानेवारीपर्यंत सुमारे १६० टन काराकासला पोचले. काही सोने लंडनमध्ये राहिले. पुढे त्यांच्यानंतरचे अध्यक्ष निकोलास मादुरो यांच्या फेरनिवडीवरून वाद झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनने विरोधी नेते ख्वान ग्वाइदो यांना अंतरिम अध्यक्ष म्हणून मान्यता दिली. ग्वाइदोंनी केंद्रीय बँकेचे स्वतंत्र मंडळ नेमले. आता बँक ऑफ इंग्लंडसमोर दोन मंडळे होती, आणि दोघांचे म्हणणे एकच: सुमारे ३१ टन सोने व्हेनेझुएलाच्या केंद्रीय बँकेचे आहे आणि ती बँक म्हणजे आम्ही. मालकीबद्दल वादच नव्हता. वाद फक्त सहीबद्दल होता.

कोविडच्या खर्चासाठी मादुरोंच्या मंडळाने सोने मागितले तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. २० डिसेंबर २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशाचा प्रमुख कोण हे ठरवणे सरकारचे काम आहे, आणि सरकारने एकदा सांगितले की न्यायालय वेगळ्या सुरात बोलू शकत नाही. काराकासच्या न्यायालयांनी ग्वाइदोंच्या नेमणुका रद्द ठरवल्या होत्या, त्यांचे काय, एवढा मुद्दा खालच्या न्यायालयाकडे गेला. जुलै २०२२ मध्ये तोही ग्वाइदोंच्या बाजूने लागला आणि २०२३ मध्ये अपील फेटाळले गेले. विशेष म्हणजे तोवर व्हेनेझुएलाच्या विरोधकांनी ग्वाइदोंचे अंतरिम सरकारच मोडीत काढले होते. या सगळ्या निकालांतून एकही वीट काराकासला गेली नाही. दुसऱ्या देशाच्या तिजोरीत सोने ठेवणारा देश त्या यजमान देशाच्या परराष्ट्र खात्याच्या मर्जीलाही बांधला जातो, हे यातून जगभरच्या केंद्रीय बँकांना कळून चुकले. २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली, तेव्हा हाती लागली ती परदेशातल्या रोख्यांची आणि ठेवींची. रशियाचे सोने मॉस्को व इतर शहरांत होते. ते जागचे हलले नाही.

रिझर्व्ह बँकेचे सोने

भारतात या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर स्वच्छ आहे: सोने रिझर्व्ह बँकेचे. १९३४ च्या कायद्याने ही बँक स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती म्हणून जन्माला आली. १ एप्रिल १९३५ रोजी ती खासगी भागधारकांची बँक म्हणून सुरू झाली आणि १ जानेवारी १९४९ रोजी तिचे सर्व भाग केंद्र सरकारकडे आले. म्हणजे बँक सरकारची, सोने बँकेचे. कंपनीचे सगळे भाग एकाच माणसाचे असले, तरी कंपनीची मोटार त्याच्या नावावर होत नाही, तसे हे.

मार्च २०२५ अखेर रिझर्व्ह बँकेकडे ८७९.५८ टन सोने होते. त्याचे दोन भाग पडतात. ३११.३८ टन चलन विभागात, चलनात आणलेल्या नोटांचे तारण म्हणून; उरलेले ५६८.२० टन बँकिंग विभागात. कायद्याचे ३३ वे कलम सांगते की चलन विभागात सोने आणि परकीय रोखे मिळून किमान २०० कोटी रुपयांचे असावेत आणि त्यात सोने किमान ११५ कोटींचे असावे. हे आकडे १९५७ चे आहेत. तेव्हा सोन्याची किंमत कायद्यातल्या गोठलेल्या दराने धरली जाई; १९९० मध्ये हा दर १० ग्रॅमला ८४ रुपये ३९ पैसे होता. ऑक्टोबर १९९० पासून ती आंतरराष्ट्रीय भावाजवळ धरतात. १० ग्रॅमला एक लाख रुपये असा भाव धरला, तर ११५ कोटींचे सोने म्हणजे फक्त ११५ किलो. नोटांमागे सोने असलेच पाहिजे, हा कायद्याचा आग्रह आता इतकाच उरला आहे; प्रत्यक्ष साठा त्याच्या हजारो पट आहे. त्याच कलमात आणखी एक अट आहे. नोटांच्या तारणातल्या सोन्यापैकी वीसात सतरा हिस्से, म्हणजे ८५ टक्के, भारतातच असावेत.

नोटेवरचे गव्हर्नरांचे वचन वाचून अनेकांना वाटते की त्या रकमेचे सोने मागता येईल. तसा हक्क नाही. नोट घेऊन गेल्यास दुसऱ्या नोटा किंवा नाणी मिळतात. सोन्याचा भाव वाढून जो कागदी नफा दिसतो, तोही सरकारला मिळत नाही. वार्षिक नफ्यातला वाढावा ४७ व्या कलमानुसार केंद्राकडे जातो. २०२४-२५ साठी तो २ लाख ६८ हजार कोटींच्या वर होता. सोने आणि परकीय चलनाच्या भाववाढीची रक्कम मात्र वेगळ्या पुनर्मूल्यांकन खात्यात राहते. २०१९ मध्ये बिमल जालान समितीने ही रक्कम वाटू नये असे स्पष्ट सांगितले. सोन्याचा भाव उद्या उतरला तर भर कुठून घालणार, हा त्यामागचा साधा विचार आहे आणि तो बरोबर आहे.

सरकारचे सोने आणि रिझर्व्ह बँकेचे सोने यातला फरक १९९१ च्या संकटात ठळकपणे दिसला. परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. आधी, चंद्रशेखर पंतप्रधान असताना, सरकारने तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत परत विकत घेण्याच्या अटीवर एका स्विस बँकेला दिले. त्यातून सुमारे २० कोटी डॉलर आले. हे सोने सरकारचे होते. त्याने भागले नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या सोन्याला हात लागला. जुलै १९९१ मध्ये, नरसिंह रावांचे सरकार आल्यावर, मुंबईहून चार खेपांत ४६.९१ टन सोने विमानाने लंडनला गेले. ते बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून ४० कोटी ५० लाख डॉलरचे कर्ज घेण्यात आले. मुंबईत विमानतळाकडे जाताना सोन्याची एक गाडी वाटेतच बंद पडली आणि झाकून ठेवलेली गोष्ट उघड्यावर यायची वेळ आली. बातमी फुटल्यावर देशभर जो संताप उसळला, तो समजण्यासारखा होता. ज्या घरात मंगळसूत्र गहाण टाकणे हा शेवटचा उपाय मानतात, त्या घराला देशाचे सोने गहाण पडल्याचे दुःख कळते. कायद्याच्या भाषेत मात्र मालकी एक दिवसही बदलली नाही. सोने रिझर्व्ह बँकेचेच होते. गेला होता तो ताबा. कर्ज त्याच वर्षी फिटले. सोने मात्र परत आणले नाही. ते परदेशातल्या साठ्याचा भाग म्हणून तिकडेच राहिले.

नोव्हेंबर २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ६७० कोटी डॉलरना २०० टन सोने घेतले, आणि २०१७-१८ पासून ती सातत्याने खरेदी करत आली आहे. २०२३-२४ मध्ये ब्रिटनहून सुमारे १०० टन सोने भारतात आले. मार्च २०२४ मध्ये ४०८.३१ टन देशात होते. वर्षभरात हा आकडा ५११.९९ टनांवर गेला. मुंबईतली मिंट रोडवरची जुनी कचेरी आणि नागपूर ही त्याची घरे. मार्च २०२५ मध्ये ३४८.६२ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बाझेलच्या तडजोड बँकेकडे होते, तर १८.९८ टन ठेवींच्या स्वरूपात होते. घरच्या विटांचा ताबा आणि मालकी एका हाती आहे, बाहेरच्यांची मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा आहे, ठेवीच्या रूपातले सोने म्हणजे येणे आहे.

सहीच्या बाबतीतही एक बारकावा आहे. कायद्याच्या ७ व्या कलमानुसार केंद्र सरकार गव्हर्नरांशी विचारविनिमय करून सार्वजनिक हितासाठी बँकेला निर्देश देऊ शकते. त्यामुळे सोने बँकेचे असले, तरी कठीण काळात ते हलवण्याचा निर्णय बँकेने एकटीने घ्यायचा नसतो. १९९१ मध्येही तो एकटीने घेतला गेला नाही.

एका हिशेबाचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. फाळणीच्या वेळी रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची चलनबँक होती. १९४७ च्या आदेशाने तिच्या चलन विभागातल्या मालमत्तेचा वाटा पाकिस्तानला ठरला आणि १ जुलै १९४८ रोजी स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. त्या वाट्यातले काही सोने, रोखे आणि नाणी कधीच हस्तांतरित झाली नाहीत. पाकिस्तानच्या केंद्रीय बँकेच्या ताळेबंदात आजही ‘भारतीय रिझर्व्ह बँकेकडे असलेली मालमत्ता’ अशी एक नोंद असते. तिच्यात सोन्याची वेगळी ओळ आहे, आणि त्या सोन्याची किंमत बाजारभावाप्रमाणे दरवर्षी वाढवून लिहिली जाते. खाली टीप असते की हे हस्तांतर दोन्ही सरकारांच्या अंतिम तडजोडीवर अवलंबून आहे.